श्रीवर्धनची एका दिवसाची फेरी : भाडे किलोमीटरवर की दिवसावर?

पुण्यात टुरिस्ट गाडी चालवून रोजी कमावणारे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. भवानी पेठ, कॅम्प, कोंढवा या भागांत तर एकाच गल्लीत अशा चार-चार गाड्या उभ्या दिसतात. विमानतळ, स्टेशन, कंपनीची ने-आण हा त्यांचा नेहमीचा धंदा. अलीकडे मात्र गिऱ्हाईक एक वेगळी मागणी करू लागले आहे. सकाळी घरून न्यावे, समुद्रकाठच्या रस्त्याने फिरवावे, वाटेत काय काय आहे ते सांगावे आणि रात्री परत घरी सोडावे. बाकी कोणी सहप्रवासी नको. अशा भाड्याला आपले गाडीवाले खुशीने हो म्हणतात आणि महिनाअखेर हातात काहीच का उरले नाही याचे कोडे त्यांना सुटत नाही. आज त्याचाच हिशेब मांडायचा आहे.

पुण्याहून एका दिवसात होणारा किनाऱ्याचा उत्तम रस्ता आमच्या मते श्रीवर्धन ते दिवेआगर हा होय. आरावी, शेखाडी, भरडखोल अशी गावे लागतात आणि बराच वेळ समुद्र अगदी चाकाशी असतो. जाण्याची वाट पौड, मुळशी धरण, ताम्हिणी घाट, विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा अशी. हरिहरेश्वर धरून ही फेरी सुमारे ३६० किलोमीटरची होते.

आता हिशेब. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. समजा, गाडी लिटरला १२ किलोमीटर जाते आणि डिझेल ९० रुपये आहे. ३० लिटरचे २,७०० रुपये झाले. टायर, ऑईल, ब्रेक, सर्व्हिसिंग यांचे किलोमीटरला ३ रुपये धरले तर १,०८०. बँकेचा हप्ता १४,००० आणि विमा, कर, पासिंग यांचे महिन्याचे ४,००० मिळून १८,००० होतात. महिन्यात २० दिवस गाडी चालली तर एका दिवसाच्या वाट्याला ९०० आले. चालकाची मजुरी आणि जेवणखाण १,०००. एकूण खर्च ५,६८०. उलट बाजूला, किलोमीटरला १४ रुपये दराने ५,०४० आणि ५०० रुपये भत्ता मिळून जमा ५,५४०. म्हणजे पहाटेपासून रात्रीपर्यंत राबून १४० रुपयांची खोट!

मालक स्वतःच गाडी चालवतो तेव्हा तो आपली मजुरी धरत नाही, म्हणून त्याला ही खोट दिसत नाही. शिवाय रात्री दहाला घरी पोचलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला विमानतळाचे भाडे घेऊ नये. तेही भाडे या फेरीतच बुडाले असे समजले पाहिजे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाचे दिवसाचे काम ८ तासांचे ठरवले होते. ही फेरी १७ तासांची आहे. त्यातले जवळपास दहा तास तरी हातात स्टिअरिंग असते.

तेव्हा या फेरीचे भाडे किलोमीटरवर सांगूच नये. पूर्ण दिवसाचा एकच आकडा सांगावा आणि त्यात काय आहे, काय नाही ते आधीच कागदावर लिहून द्यावे. पार्किंग कोणाचे, चालकाचे जेवण कोणाकडे, रात्री उशीर झाला तर तासाला किती जादा, हे सगळे त्यात यावे. माणगावच्या चौकात भांडण काढण्यापेक्षा घरी चार ओळी लिहिणे स्वस्त पडते.

गिऱ्हाईक जास्त पैसे का देईल, असे कोणी विचारील. गाडी तर कोणाचीही मिळते. खरे आहे, पण किनाऱ्याची माहिती असलेला वाटाड्या कोणाहीकडे मिळत नाही, आणि तोच आपला माल आहे.

पहिली गोष्ट दिशेची. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आधी दिवेआगर केले आणि मग दक्षिणेला श्रीवर्धनकडे निघालो. समुद्र सारा वेळ उजव्या हाताला. जिथे थांबावे तिथे रस्ता ओलांडून पोरांना पलीकडे न्यावे लागले, आणि वळणांवरून येणाऱ्या गाड्यांमुळे जीव टांगणीला लागला. उलट, आधी म्हसळ्याहून थेट श्रीवर्धन गाठले आणि मग उत्तरेला दिवेआगरकडे निघालो की समुद्र डाव्या हाताला येतो. आपली बाजूही डावीच. गाडी कडेला घेतली की दार समुद्राकडे उघडते. एवढ्याशा गोष्टीने गिऱ्हाईक खूश होते.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची, आणि ती जिवाशी गाठ आहे. हरिहरेश्वरच्या देवळामागे खडकांवरून प्रदक्षिणेची वाट जाते. भरतीला ती पाण्याखाली येते, आणि लाटेने ओढल्यामुळे तिथे माणसे दगावली आहेत. कोकणातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दिवसातून दोनदा भरती, आणि प्रत्येक भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या सुमारास भर दुपारी वाट मोकळी मिळते. अमावास्या-पौर्णिमेला नेमकी दुपारी बाराला भरती, आणि तीही मोठी. आपल्याला चांदची तारीख तोंडपाठ असते. तीत एक किंवा दोन मिळवले की तिथी हाती येते. पौर्णिमेनंतर मात्र पुन्हा एकपासून मोजावे. हा ढोबळ अंदाज आहे. भरतीचे छापील वेळापत्रक पाहावे, स्थानिक माणसाला विचारावे आणि त्याने नको म्हटले तर गिऱ्हाईक कितीही रागावले तरी त्याला वाटेवर सोडू नये.

तिसरी गोष्ट सांगण्याची. पुण्याच्या माणसाला श्रीवर्धन परके नाही, हे त्याला माहीत नसते. १७१३ मध्ये पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ भट मूळचे याच गावचे, आणि शनिवारवाडा बांधणारे पहिले बाजीराव त्यांचे चिरंजीव. हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होता. ते संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले आणि पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर फळाला यायला पाच-सात वर्षे जातात, म्हणजे बागायतदाराचे किती नुकसान झाले असेल ते समजून घ्यावे. श्रीवर्धनची रोठा सुपारी घ्यायची तर अशा बागवाल्याच्या दारातूनच घ्यावी. जेवणासाठीही घरगुती खानावळ आधी फोन करून सांगून ठेवावी. तांदळाची भाकरी आणि ताजी मासळी मिळते, आणि आपल्या गाडीमुळे तिथल्या एखाद्या घरालाही चार पैसे मिळतात.

कागदपत्रांबद्दल थोडेसे. पांढऱ्या पाटीच्या घरच्या गाडीने भाडे मारण्याचा मोह काही तरुणांना होतो. परवान्याशिवाय असे भाडे नेणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला १०,००० रुपये दंड आहे आणि कैदही होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे अपघात झाला तर खाजगी गाडीचा विमा अंगावर उलटतो. लायसन्सची अडचण मात्र आता उरलेली नाही. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतच्या प्रवासी गाडीसाठी वेगळा शेरा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

वेळेचे गणित असे ठेवावे. पहाटे पाचला पुणे सोडावे, म्हणजे दहाच्या सुमारास श्रीवर्धन. बारापर्यंत हरिहरेश्वर उरकून जेवायला परत श्रीवर्धनला. दोननंतर शेखाडीचा रस्ता, साडेतीनला दिवेआगर. तिथून पावणेपाचला बोर्ली पंचतनमार्गे निघालेच पाहिजे. सूर्यास्त पाहूनच जाऊ, असा आग्रह बहुतेक गिऱ्हाइके धरतात. सूर्यास्त पाहिला की ताम्हिणी चढायला साडेनऊ वाजतात आणि चालकाचे डोळे मिटू लागतात. म्हणून हे आधीच, ठरवतानाच सांगावे. ज्याला सूर्यास्त हवाच आहे त्याला मुक्कामाचे भाडे सांगावे. शनिवार-रविवारी माणगावात मुंबई-गोवा रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. त्यासाठी एक तास हाताशी ठेवावा, नाही तर फेरी मधल्या वारी घ्यावी.

पावसाळ्यात ताम्हिणीत दरड येऊन रस्ता बंद होतो आणि समुद्रही खवळलेला असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ही फेरी विकूच नये. कोणी आधी बयाणा दिला असेल आणि घाट बंद झाला, तर तो त्याच दिवशी पुरा परत करावा.