कॉफी करण्याची विद्या

प्रवासास निघालेल्या कुटुंबाची टिपणवही उघडून पाहिली, तर तींत देवळें, किल्ले, धबधबे आणि उतरण्याच्या जागा यांचीं नांवें आढळतात. परंतु अमुक ठिकाणीं अमुक गोष्ट शिकून यावयाची, असें त्या वहींत सहसा लिहिलेलें नसतें. पाहिलेलें छायाचित्रांत राहतें, शिकलेलें हातांत राहतें. अलीकडे जागोजागीं प्रवाशांसाठीं लहान लहान वर्ग निघाले आहेत. कोठें मातीचीं भांडीं घडविण्याचे, कोठें विणकामाचे, कोठें त्या त्या प्रांतांतील स्वयंपाकाचे. कर्नाटकांत कॉफीच्या मुलखांत कॉफी करण्याचा वर्ग असाच चालतो. गेल्या हिंवाळ्यांत आम्हीं तो सहकुटुंब केला. त्याची हकीकत वाचकांच्या उपयोगी पडेल अशा समजुतीनें येथें देत आहों.

“कॉफी करण्यांत शिकावयाचें तें काय?” असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येईल. तो आमच्या घरींहि निघाला होता. आपल्याकडे कॉफी म्हणजे दूधपाणी उकळावयाचें, त्यांत पूड व साखर टाकावयाची आणि वर जायफळ किसून घालावयाचें, कीं झालें. चहा हा आपला नित्याचा, कॉफी नैमित्तिक. उपासाला, जागरणाला, किंवा घरीं कोणी दाक्षिणात्य पाहुणा आला म्हणजे तिची आठवण व्हावयाची. ती चांगली उतरली तर “हाताला चव आहे” एवढें बोलून आपण कप खालीं ठेवतों. या बोलण्याचा अर्थ काय, हें आम्हांस त्या वर्गांत प्रथम कळलें.

चिकमगळूर या नांवाचा कानडींत अर्थ “धाकट्या मुलीचें गांव” असा होतो. थोरल्या मुलीचें हिरेमगळूर अगदीं जवळच आहे. एका राजानें आपल्या दोन मुलींस हीं गांवें आंदण दिलीं, अशी तिकडे आख्यायिका आहे. मिरज-हुबळीवरून बंगळूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कडूर स्थानकीं उतरलें म्हणजे पुढें सुमारें ४० किलोमीटरचा प्रवास उरतो. गांवाच्या उत्तरेस बाबाबुदनगिरीची रांग आहे. सतराव्या शतकांत बाबाबुदन नांवाचे सूफी सत्पुरुष मक्केच्या यात्रेहून परततांना अरबस्तानांतील येमेनमधून कॉफीच्या सात बिया घेऊन आले व त्या त्यांनीं या डोंगरांत लाविल्या, अशी परंपरा आहे; त्यासाठीं सन १६७० हें साल सांगतात. ज्यांच्या घरीं दत्ताची उपासना आहे त्यांस ही रांग निराळ्याच कारणानें ठाऊक असेल, कारण तेथील गुहेंतील स्थान दत्तपीठ म्हणूनहि मानिलें जातें. आज भारतांतील कॉफीपैकीं सुमारें ७० टक्के एकट्या कर्नाटकांत पिकते, आणि बाबाबुदनगिरीच्या व चिकमगळूरच्या अरेबिका कॉफीस सन २०१९ मध्यें भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे.

आमचा वर्ग एका मळ्यांतील जुन्या घराच्या ओसरीवर भरला. शिकविणाऱ्या बाई त्याच घरच्या सूनबाई होत्या. आमच्यांत दादा, वहिनी व कॉलेजांत शिकणारी पुतणी होती, शिवाय बंगळूरकडील तिघे-चौघे. वहिनींचें माहेर धारवाडचें असल्यामुळें बाईंचें व त्यांचें पहिल्या पांच मिनिटांतच कानडींत जमलें, आणि त्या वहिनींस “अक्का” म्हणूं लागल्या.

चुलीपाशीं जाण्यापूर्वीं बाईंनीं आम्हांस मळ्यांत नेलें. जानेवारीची अखेर होती. अरेबिकाची तोड संपून तिची कॉफी अंगणांत वाळत पडली होती, आणि रोबस्टाच्या झाडांवर लाल फळांचे घोस होते. कॉफीचीं झाडें तेथें उघड्या उन्हांत वाढवीत नाहींत. उंच वृक्षांची सावली त्यांवर राखतात व त्या वृक्षांवर मिऱ्याचे वेल चढवितात. एका फांदीवरचीं सर्व फळें एकदम पिकत नाहींत. म्हणून तोडणाऱ्या बाया पिकलें फळ तेवढें घेतात, हिरवें मागें ठेवतात, आणि त्याच झाडाकडे पुन्हां पुन्हां येतात. हिरवें फळ चुकून आलें तर त्याचा तुरटपणा कपापर्यंत पोंचतो. पांच-सहा किलो पिकलेल्या फळांतून एक किलो कच्ची कॉफी निघते, आणि भाजतांना तींतलेंहि सहाव्या हिश्श्याच्या आसपास वजन उडून जातें. मार्च-एप्रिलांत एक चांगली सर वेळेवर पडली, तर आठ-दहा दिवसांत सारा मळा जाईसारख्या पांढऱ्या सुवासिक फुलांनीं भरतो. ती सर चुकली, कीं त्या वर्षाचें पीक चुकलें. अलीकडे पावसाचा नेम राहिलेला नाहीं, हें सांगतांना बाईंचा स्वर बदलला होता.

पहिल्या पाठांत करावयाचें कांहींच नव्हतें. फक्त चाखावयाचें होतें. चार पेले मांडले होते. चोहोंत तीच कॉफी, तेंच वजन, तेंच पाणी; फरक केवळ वेळेचा. पहिली एका मिनिटांत गाळलेली, दुसरी चार मिनिटांनीं, तिसरी बारा मिनिटांनीं, आणि चौथी आपल्या पद्धतीप्रमाणें विस्तवावर उकळलेली. पहिली पातळ व आंबट लागली. दुसरींत गोडसर भरीवपणा होता. तिसरी कडू लागली, आणि चौथी घशास ओरखडे काढीत गेली. पुतणी म्हणाली, “म्हणूनच आपण जायफळ घालतों वाटतें!” यावर सर्व हंसले, पण बोलणें अगदींच खोटें नव्हतें.

याचें कारण बाईंनीं सोप्या रीतीनें समजाविलें. भाजलेल्या कॉफीचा वजनानें सुमारें तीस टक्के भाग पाण्यांत उतरूं शकतो. परंतु तो सगळा उतरविणें इष्ट नसतें. सन १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत लॉकहार्ट नांवाच्या रसायनज्ञानें यावर प्रयोग केले, आणि १८ ते २२ टक्के भाग उतरला म्हणजे चव समतोल लागते, असें ठरविलें. पाणी प्रथम आंबट द्रव्यें ओढतें, मग गोडवा, आणि शेवटीं कडवट द्रव्यें. म्हणून कॉफी आंबट व पातळ झाली तर कमी उतरली असें समजावें आणि कडू झाली तर जास्त उतरली असें समजावें. हा एक नियम ध्यानांत ठेवला, तर बिघडलेली कॉफी पुढच्या खेपेस सुधारतां येते. कमी उतरली असेल तर पूड बारीक करावी किंवा वेळ वाढवावा. जास्त उतरली असेल तर याच्या उलट करावें.

मग दळण्याचा पाठ झाला. पूड किती बारीक हवी, तें भांड्यावर अवलंबून असतें. पूड पाण्यांत चार मिनिटें ठेवून दाबून गाळावयाची असेल तर जाड रव्यासारखी पाहिजे; कागदी गाळणीस बारीक रव्यासारखी; दाबयंत्रावरच्या कॉफीस जवळजवळ पिठासारखी. दळल्यानंतर तिचा वास भराभर उडतो. म्हणून गोडा मसाला जसा वर्षाचा करून ठेवतों तशी कॉफी ठेवूं नये. दाणे आणून लागेल तेवढेच दळावे. अरेबिका व रोबस्टा यांचे दाणेहि शेजारीं शेजारीं ठेवून दाखविले. अरेबिकाचा दाणा लांबट, चव नाजूक व किंचित् आंबूस. रोबस्टाचा दाणा गोलसर, चव दणकट व कडवट, आणि तींत झोंप उडविणारें कॅफीन जवळजवळ दुप्पट.

तिसरा पाठ दक्षिणेकडील दुमजली गाळणीचा. वरच्या भांड्याच्या बुडास बारीक भोंकें असतात. त्यांत पूड घालून वर दांड्याची चकती ठेवावयाची आणि कढत पाणी ओतावयाचें. खालच्या भांड्यांत थेंबथेंब जो अर्क उतरतो त्यास तिकडे “डिकॉक्शन” म्हणतात. प्रत्येकास एकेक गाळणी दिली होती. आमचे दादा गेलीं तीस वर्षें वहिनींच्या कॉफीची बारकाईनें परीक्षा करीत आले आहेत. स्वतः करण्याचा प्रसंग मात्र त्यांजवर हा पहिलाच. त्यांनीं पूड अशी ठासून दाबली, कीं अर्ध्या तासांत खालीं चार थेंबहि उतरले नाहींत. वहिनींनीं पूड घातली, चकती नुसती टेकविली, प्रथम चमचाभर पाणी वर फिरविलें, थोडें थांबल्या, आणि मग उरलेलें पाणी ओतलें.

“अक्का, आधीं थोडेंच पाणी घालावें हें तुम्हांला कोणीं सांगितलें?” बाईंनीं विचारिलें.

“सांगायला कशाला हवें?” वहिनी म्हणाल्या. “पोहे भिजवतांना आपण पाणी एकदम ओततों का? कोरड्याला आधीं ओल लागली पाहिजे.”

बाईंनीं सर्वांना थांबवून तेंच शास्त्राच्या भाषेंत सांगितलें. ताज्या भाजलेल्या पुडींत कार्बन-डाय-ऑक्साइड वायु कोंडलेला असतो. आधीं थोडें पाणी दिलें म्हणजे तो निघून जातो आणि पुढचें पाणी सर्व पुडींत सारखें भिनतें. नंतर त्यांनीं वहिनींस डोळ्यांच्या अंदाजानें तीन वेळां पूड काढावयास लाविली व दर खेपेस ती कांट्यावर ठेविली. कांट्यानें २१, २० व पुन्हां २१ ग्रॅम दाखविले. दादा त्या आंकड्यांकडे बराच वेळ पाहत राहिले.

ज्यास आपण हाताची चव म्हणतों, तें कधीं कोणीं न विचारलेलें, म्हणून कधीं शब्दांत न आलेलें असें माप असतें. तिला देणगी म्हणून गौरविण्यांत आपली सोय असते. देणगी दुसऱ्यास देतां येत नाहीं. तेव्हां ज्या हाताला चव आहे त्या हातानेंच सकाळ-संध्याकाळ चुलीपाशीं उभें राहावें, हें ओघानें येतें. माप मात्र कोणासहि घेतां येतें. सन १९०८ मध्यें जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं मेलिटा बेंट्झ नांवाच्या गृहिणीनें कॉफींतील गाळ व कडवटपणा यांस कंटाळून पितळेच्या भांड्यास खिळ्यानें भोंकें पाडलीं, त्यांत मुलाच्या वहींतला टिपकागद घातला आणि कॉफी गाळली. तिनें ती युक्ति आपल्या स्वयंपाकघरांत न ठेवतां सरकारांत नोंदविली. त्यामुळें कागदी गाळणी आज जगभर कोणाच्याहि हातीं सारखेंच काम देते.

वर्गांतून आणलेलीं मापें आम्हीं स्वयंपाकघरांत लिहून लाविलीं आहेत, तीं अशीं. नुसती काळी कॉफी करावयाची असेल, तर २५० मिलिलीटर पाण्यास १५ ग्रॅम पूड घ्यावी. पाण्यास उकळी आल्यावर विस्तव बंद करून अर्धा मिनिट थांबावें, मग ओतावें. चार मिनिटांनीं गाळावें. गाळणीच्या कॉफीस ३० ग्रॅम पूड व सुमारें १५० मिलिलीटर कढत पाणी. पूड हलकी सारखी करावी, ठासूं नये. अर्क उतरण्यास वीस मिनिटें तरी द्यावीं. तो अर्क पुन्हां उकळूं नये; गरम दूध त्यांत मिसळावें. आपली जायफळाची कॉफी सोडून देण्याचें मुळींच कारण नाहीं. दूध, साखर व जायफळ एकत्र उकळावें आणि अर्क शेवटीं विस्तव काढल्यावर घालावा. आमच्या घरच्या वडील मंडळींस ही पूर्वींपेक्षां अधिक आवडली.

बाजारांतील पुडीविषयींहि एक सूचना करणें अवश्य आहे. पुष्कळ पुड्यांत चिकोरी मिसळलेली असते. ही एका झाडाची भाजलेली मुळी होय. सन १८०६ पासून नेपोलियननें इंग्रजी व्यापाराची कोंडी केल्यावर युरोपांत कॉफी दुर्मिळ झाली, तेव्हां तिचा प्रसार वाढला. ती विषारी नव्हे. तिच्यानें रंग व दाटपणा येतो, आणि दक्षिणेंत कित्येकांस ती आवडतेहि. परंतु तिच्यांत कॅफीन नाहीं व कॉफीचा सुवासहि नाहीं. कायद्याप्रमाणें अशा मिश्रणांत कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे आणि प्रमाण वेष्टनावर छापलें पाहिजे. तीं अक्षरें वाचावींत. आपण पैसे कशाचे देतों, हें गृहिणीस व गृहस्थास दोघांसहि ठाऊक असावें.

ज्यांस त्या बाजूस जावयाचें असेल, त्यांनीं तोड पाहण्यास डिसेंबर-जानेवारी व फुलें पाहण्यास मार्च-एप्रिल हे महिने धरावे. बाळेहोन्नूर येथें सन १९२५ पासूनचें कॉफी-संशोधन केंद्र आहे. बंगळूर येथें कॉफी बोर्डानें “कापी शास्त्र” या नांवाचा अनेक दिवसांचा अभ्यासवर्ग चालविला आहे. ज्यांस हा विषय सखोल शिकावयाचा असेल त्यांस तो उपयोगी पडेल. इतक्या दूर जाणें न होईल त्यांनीं विदर्भांतील चिखलदऱ्यास जाऊन कॉफीचें झाड तरी मुलांना दाखवावें.

आमच्या घरीं आतां रविवारच्या सकाळची कॉफी दादा करतात. पहिले दोन रविवार ती कडू झाली. तिसऱ्या रविवारीं त्यांनीं पूड जाड दळली आणि कॉफी जमली. वहिनी त्या वेळीं वर्तमानपत्र वाचीत बसतात, आणि मागितल्याशिवाय सल्ला देत नाहींत. आमची वाचकांस एवढीच विनंति आहे, कीं आपापल्या घरांतील वडील स्त्रियांच्या हातांत आमटीचें, लोणच्याचें, चकल्यांच्या भाजणीचें असें किती माप सांठलेलें आहे, तें त्यांजपाशीं बसून विचारावें, कांट्यावर मोजावें आणि वहींत लिहून ठेवावें. तें लिहून झालें म्हणजे घरांतील पुरुषांनीं व मुलांनीं त्याप्रमाणें एकदां स्वतः करून पाहावें.