वाकडा क्रँक आणि सरळ प्रश्न

जुन्या दिल्लीतील चांदणी चौकात सायकल-रिक्षांची वर्दळ अखंड चालू असते. दोन प्रवासी, त्यांचे सामान आणि खुद्द रिक्षा यांचा सारा भार चालकाच्या दोन पायांवर येतो. अशा माणसाला कोणी सांगितले की, ‘हा नवा वाकडा क्रँक बसव, तुझे कष्ट निम्मे होतील’, तर त्याला मोह पडणे स्वाभाविक आहे. दावा खरा ठरला तर त्याचे आयुष्य सुकर होईल. खोटा ठरला तर त्याची कित्येक दिवसांची कमाई वाया जाईल. म्हणूनच अशा दाव्यांची पारख करता येणे महत्त्वाचे आहे.

पायडल ज्या दांड्यावर बसवलेले असते, त्या दांड्याला क्रँक म्हणतात. क्रँकचे दुसरे टोक मधल्या आसाला जोडलेले असते. पाय पायडल दाबतो, क्रँक फिरतो, त्याच्याबरोबर दातेरी चक्र फिरते आणि साखळी मागचे चाक फिरवते. रचना साधी आहे आणि शंभराहून अधिक वर्षांत तिचे मूळ रूप फारसे बदललेले नाही. या काळात संशोधकांनी वाकडे क्रँक, लांबी बदलणारे क्रँक, वर-खाली हलणारी पायडले, लंबगोल दातेरी चक्रे अशा अनेक कल्पना मांडल्या. त्यांतील बहुतेक कल्पना मागे पडल्या. यामागे लोकांचा हट्ट नसून निसर्गाचा एक नियम आहे.

हा नियम समजण्यासाठी जाते डोळ्यांपुढे आणावे. जात्याचा खुंटा मध्यापासून जितका दूर, तितके जाते फिरवण्यास कमी जोर लागतो. परंतु तेव्हा हाताला मोठे वर्तुळ काढावे लागते. जोर वाचतो, पण अंतर वाढते. दोहोंचा गुणाकार, म्हणजेच एकूण कार्य, तेवढेच राहते. क्रँकचेही असेच आहे. तो लांब केला तर दाब कमी लागतो, पण पायाला प्रत्येक फेरीत अधिक अंतर कापावे लागते.

आता वाकड्या क्रँकचा विचार करू. त्याच्या बाकावरून मोजपट्टी फिरवली, तर तो सरळ क्रँकपेक्षा लांब भरतो. म्हणून त्याला अधिक ‘तरफ’ मिळते, असा समज होतो. तथापि आस फिरवण्याचा परिणाम दांड्याच्या वळणावर अवलंबून नसतो. आसाचा मध्य आणि पायडलाचा मध्य यांतील सरळ अंतरच तेथे महत्त्वाचे असते. हे अंतर १७० मिलिमीटर असेल, तर दांडा सरळ असो, वाकडा असो वा नागमोडी असो, त्याच दाबाने तेवढाच परिणाम मिळेल. वाकड्या दांड्यात लोखंड मात्र जास्त लागेल आणि वजन वाढेल.

दुसरा दावा ‘मृत बिंदू’विषयी असतो. एक पायडल अगदी वर आणि दुसरे अगदी खाली असताना सरळ खाली दाबल्याने क्रँक फिरत नाही. त्या क्षणी शक्ती वाया जाते, असे सांगितले जाते. परंतु केवळ जोर लावल्याने कार्य घडत नाही. ज्यावर जोर लावला ती वस्तू त्या दिशेने सरकली, तरच कार्य घडते. मृत बिंदूपाशी पायडल खाली सरकतच नाही, म्हणून तेथे यंत्र ऊर्जा गिळत नाही. फिरत्या पायांची गतीच तो क्षण पार करून देते.

लंबगोल चक्रांची कथा अधिक बोधप्रद आहे. १९८० च्या दशकात जपानच्या शिमानो कंपनीने ‘बायोपेस’ नावाची अवर्तुळाकार चक्रे बाजारात आणली. काही वर्षांतच ती मागे पडली. पुढे २०१२ मध्ये ब्रॅडली विगिन्स याने वेगळ्या प्रकारचे अवर्तुळाकार चक्र वापरून ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत जिंकली. मात्र ही शर्यत गोल चक्रांवरही अनेकदा जिंकली गेली आहे. एखाद्याच्या पायांना असे चक्र सोयीचे वाटू शकते; त्यावरून कष्ट निम्मे होतात, असे ठरत नाही.

याचा अर्थ प्रत्येक नवी कल्पना त्याज्य मानावी, असा नाही. गिअरमुळे चढावर जोर कमी लागतो, कारण त्या बदल्यात वेग कमी होतो. हा व्यवहार प्रामाणिक आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आग्र्यात सायकल-रिक्षा सुधारण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिचे वजन घटवण्यावर भर देण्यात आला. ओढायचा भारच घटल्यामुळे श्रम खरोखर कमी झाले. ऑक्टोबर २००८ मध्ये दिल्लीत ‘सोलेकशॉ’ ही रिक्षा सादर झाली. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ती तयार केली होती. ती सर्वत्र रुळली नाही. पण तिचे तत्त्व स्पष्ट होते. चालकाला मिळणारी जादा ऊर्जा सौरशक्तीने भारलेल्या बॅटरीतून येत होती.

म्हणून नव्या साधनाबाबत तीन प्रश्न विचारावेत. जादा शक्ती कोठून येते? एक गोष्ट वाचली, तर तिच्या बदल्यात कोणती द्यावी लागते? आणि तुलना न्याय्य झाली आहे का? तिसरा प्रश्न सहज निसटतो. नवा क्रँक बसवताना कारागीर बहुधा साखळीला तेल देतो, चाकांत हवा भरतो, बॉल-बेअरिंग साफ करतो. गाडी हलकी चालू लागते आणि श्रेय मात्र क्रँकला मिळते. यासाठी आधी जुन्याच क्रँकवर ही सारी कामे करून घ्यावीत. मग तोच रस्ता, तोच भार आणि तोच चालक ठेवून दोन्ही क्रँक अनेकदा चालवून पाहावेत.

शंका घेणे म्हणजे संशोधकाची थट्टा करणे नव्हे. खऱ्या सुधारणेला अशा प्रश्नांची भीती नसते. ज्याच्या पायांवर घराचा संसार चालतो, त्याने खिशात हात घालण्यापूर्वी हे प्रश्न विचारणे हा त्याचा हक्कच आहे.