आयझेनहॉवर यांचं आतडं आणि लॅरी नान्सचं सलाईन

9 जून 1956 ची पहाट. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात खुद्द अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ऑपरेशन टेबलावर होते. क्रोन्स या आतड्याला सूज आणणाऱ्या दीर्घकालीन आजारामुळे त्यांचं लहान आतडं अरुंद होऊन तुंबलं होतं. सर्जननी सुजलेला भाग कापला नाही. शेतकरी तुंबलेल्या पाटाला बगल देतो तसा वरचा निरोगी भाग थेट मोठ्या आतड्याला जोडला. नोव्हेंबरात ते निवडणूक जिंकलेही!

तेव्हा डॉक्टरांच्या हाती दुसरं फारसं नव्हतं. स्टेरॉइडनं सूज उतरते, पण दीर्घकाळ घेतलं तर हाडं ठिसूळ होतात. 1998 मध्ये अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅबला मान्यता मिळाली. हे औषध सूज भडकवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनालाच अडवतं.

बास्केटबॉलपटू लॅरी नान्स ज्युनियरला सोळाव्या वर्षी क्रोन्सचं निदान झालं. वाढ खुंटलेली, अंगात त्राण नाही. शिरेतून हेच औषध सुरू झालं, उंची वाढली आणि 2015 मध्ये पठ्ठ्या एनबीएत!

भारतात मात्र एक मेख आहे. आतड्याचा टीबी अगदी क्रोन्ससारखा दिसतो, म्हणून अनेकांना आधी टीबीचाच कोर्स करावा लागतो. इन्फ्लिक्सिमॅबआधीही टीबीची तपासणी होते, कारण या औषधानं सुप्त टीबी उसळू शकतो.