केकच्या चवींचा खोका

लग्नाचा केक ठरवण्याआधी चव बघायची सोय म्हणजे सँपलर बॉक्स: एकाच खोक्यात चार-सहा चवींचे छोटे तुकडे. घरी करणाऱ्याला दर मागणीला इतके केक भाजणं परवडत नाही. महिन्यातला एखादा शनिवार ठरवून सगळे खोके एकदम काढावेत. केक फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यावा, सुरी गरम पाण्यात बुडवून दर कापाआधी पुसावी. नाहीतर चॉकलेटचे डाग थेट रसमलाईवर. अंड्याच्या केकचा एक तुकडा असला तरी खोक्यावर मांसाहाराच्या खुणेचा तपकिरी त्रिकोण येतो, म्हणून एगलेसचा खोका वेगळाच ठेवावा. श्रावणात तर खपेल तोच! लेबलवर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक हवा. खोका फुकट मात्र देऊ नये. पैसे घ्यावेत, मोठी ऑर्डर आली तर त्यात वळते करावेत.