पोपच्या दारी शिल्पकार

रोममधील सिस्टाइन चॅपेलचे छत पाहून जगभरचे रसिक थक्क होतात. त्यामागील जमाखर्च मात्र सहसा कोणी पाहत नाही. इ. स. १५०५ मध्ये पोप ज्युलियस दुसरे यांनी आपल्या नियोजित समाधीसाठी तीस वर्षांच्या मायकेल अँजेलोला फ्लॉरेन्सहून पाचारण केले. कॅराराच्या खाणींत सुमारे आठ महिने राहून त्याने संगमरवर निवडला. शिळा रोमच्या घाटावर आल्या, तोवर पोपमहाशयांचे मन समाधीवरून उडाले होते. नावाड्यांचे भाडे शिल्पकाराला उसनवारीने भागवावे लागले. पैशांसाठी गेला असता सेवकांनी त्याला दारातूनच परत पाठवले. एप्रिल १५०६ मध्ये तो संतापून फ्लॉरेन्सला निघून गेला आणि त्याच वर्षाअखेरीस बोलोन्याला जाऊन त्याने त्याच पोपची क्षमा मागितली!

असा मानी माणूस परत का गेला? पोपची सत्ता हे एक कारण खरेच. फ्लॉरेन्सच्या राज्यकर्त्यांना त्यांचा रोष नको होता. परंतु मुख्य कारण भांडवलाचे होते. कवीला कागद पुरतो. शिल्पकाराला खाण, गलबते, परांची, मदतनीस आणि वर्षानुवर्षांचा निर्वाह लागतो. एवढी रक्कम आगाऊ गुंतवणारे धनी फार थोडे होते. शिवाय घरी वडील व भाऊ त्याच्या पैशांवर विसंबलेले होते. आबूच्या कारागिरांना कोरून पडलेल्या भुकटीच्या भारोभार मोल मिळाल्याची आख्यायिका आपल्याकडे सांगतात; रोमचा हात इतका सढळ नव्हता.

मे १५०८ मध्ये छताच्या कामापोटी ५०० डुकाट आगाऊ मिळाले. चित्रकलेच्या कामाच्या त्या पावतीवरही त्याने स्वतःला ‘शिल्पकार’च म्हणवून घेतले. पुढच्याच वर्षी वडिलांना लिहिलेल्या पत्रात, वर्षभरात पोपकडून काहीच मिळाले नाही, अशी खंत आहे. काम न सोडण्यामागे कीर्तीचा हिशेबही असावा. त्याच राजवाड्यात राफाएल दालने रंगवीत होता, आणि तेथे जे घडे ते साऱ्या युरोपचे दूत पाहत. ऑक्टोबर १५१२ मध्ये छत खुले झाले.

समाधीचे मात्र त्रांगडे झाले. ज्युलियस १५१३ मध्ये निवर्तले. वारसांशी करार पुन्हा पुन्हा बदलले. पोपचे पैसे व्याजाने लावून तो श्रीमंत झाला, असा आळही आला. सचोटीने वागणाऱ्याला तो किती झोंबला असेल, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावयास नको. अखेर १५४५ मध्ये, मूळ आराखड्याच्या मानाने लहानशी समाधी उभी राहिली. ‘मोझेस’ तेथेच आहे.

वार्धक्यात सेंट पीटर चर्चच्या बांधकामाची धुरा त्याने वेतन न घेता वाहिली. १५६४ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या साध्या घरात हजारो सुवर्णनाणी निघाली. घुमट मात्र अपुराच होता.