क्रेडिट कोणाच्या शब्दावर?

फ्लोरिडातल्या सरकारी हायस्कूलच्या कचेरीत ऑगस्टमध्ये बदलून येणाऱ्या मुलांची रीघ लागते. मी तिथे रजिस्ट्रारच्या हाताखाली काम करते. ऑनलाइन शाळेतून येणाऱ्या मुलांचे आईवडील समोर बसले की आधी ग्रेड दाखवतात. आम्ही आधी बघतो तो कागद आला कुठून. घरी छापलेली प्रत चालत नाही. ट्रान्सक्रिप्ट शाळेकडून थेट शाळेकडे यावं लागतं.

मग मान्यता. शाळेच्या संकेतस्थळावरच्या शिक्क्यावर आम्ही विसंबत नाही. कॉग्निया, मिडल स्टेट्स अशा संस्थांच्या स्वतःच्या यादीत तिचं नाव शोधतो. शिक्का कुणीही चिकटवतं, आणि काही मान्यतासंस्था नुसत्या नावापुरत्या असतात. अमेरिकेचं केंद्रीय शिक्षण खातं हायस्कुलांना मान्यता देतच नाही, म्हणून ‘केंद्र सरकारमान्य’ असं दिसलं की संशय वाढतो.

नाव सापडलं की खरं काम सुरू होतं : त्यांचा विषय आमच्या राज्याच्या कोर्स कोडमध्ये बसवणं. सत्राला अर्धं क्रेडिट, वर्षाला एक. डिप्लोम्याला साधारणपणे 24 लागतात. एक क्रेडिट म्हणजे एरवी 135 तासांचं शिकवणं. तासांवर शिक्षण मोजण्याची ही रीत कार्नेगी फाउंडेशनने 1906 च्या सुमारास रूढ केली, तीही प्राध्यापकांच्या पेन्शनपायी : पेन्शन कोणत्या कॉलेजांना द्यायची हे ठरवताना, तिथे प्रवेश घेणारा मुलगा हायस्कुलात किती शिकलेला हवा, याचं माप लागलं. आज ऑनलाइन शिकणारी मुलगी तोच अभ्यास दोन महिन्यांत उरकते, तरी कागदावर माप तेच.

विषय कोडमध्ये बसला नाही तर क्रेडिट बुडत नाही, पण ‘इलेक्टिव्ह’मध्ये, म्हणजे ऐच्छिक विषयांत, जातं. एकूण बेरीज भरते, विज्ञानाची जागा मात्र रिकामीच राहते. पालकांना सगळ्यात जास्त धक्का बसतो तो इथे.

“ताई, शाळेला मान्यता आहे ना? मग प्रश्नच मिटला!” असं एक मराठी वडील म्हणाले. “मान्यता शाळेला आहे, दादा. तुमच्या मुलीचा कोर्स कुठे बसतो ते इथे ठरतं,” मी म्हटलं.

मान्यता नसली तरी दार बंद होत नाही. फ्लोरिडाच्या नियमात अशी क्रेडिटं पहिल्या ग्रेडिंग सत्रातल्या कामगिरीवर पक्की होतात, ग्रेडची सरासरी 2.0 राखली की झालं. बीजगणिताचं क्रेडिट मिळालं, तरी डिप्लोम्यासाठी राज्याची परीक्षा किंवा तिच्या तोडीचा गुण लागतोच. आणि मूल खेळाडू असेल तर एनसीएए ही कॉलेजातल्या खेळांची संघटना आपली वेगळी चाळणी लावते : शिक्षक-विद्यार्थी संवाद नियमित होता का, कोर्सला ठरावीक मुदत होती का. आम्ही घेतलेलं क्रेडिट तिथे नाकारलं जाऊ शकतं.

म्हणजे मान्यता एवढंच सांगते की या शाळेच्या कागदावर भरवसा ठेवायला हरकत नाही. त्या कागदाचं काय करायचं, हे घेणारा ठरवतो, आणि घेणारे एकाहून अधिक असतात. त्या वडिलांना मी, मुलगी पुढे उन्हाळ्यात ऑनलाइन कोर्स घेणार असेल तर त्यांची नावं आधी लिहून पाठवायला सांगितलं. फी भरण्याआधी आमच्या काउन्सेलरचं लेखी उत्तर हातात असलं, की ऑगस्टमध्ये माझ्या टेबलासमोर वाद घालायला काही उरत नाही.