घराच्या फटी

माझें घर नाशिक जिल्ह्यांतल्या निफाड तालुक्यांत आहे. थंडीच्या कडाक्याबद्दल हा तालुका महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. एखाद्या रात्रीं पारा 5 अंशांच्याहि खालीं उतरतो, आणि द्राक्षांचे मणी तडकूं नयेत म्हणून बागाईतदार पहांटे बागांतून शेकोट्या पेटवितात. द्राक्षांची जितकी काळजी वाहिली जाते तितकी घरांतल्या म्हाताऱ्यांची वाहिली जात नाहीं, असें मला पुष्कळदां वाटतें. आमचीं घरें बांधलीं गेलीं तीं ऊन आणि पाऊस यांच्याकडे पाहून. थंडी काय, दोन महिन्यांची पाहुणी !

आतां थोडा हिशेब करूं. 3 फूट रुंद दाराखालीं अर्ध्या इंचाची फट असली तर ती कोणाच्या डोळ्यांतहि भरत नाहीं. परंतु 36 इंचांस अर्ध्यानें गुणलें म्हणजे 18 चौरस इंच होतात. म्हणजे भिंतीला 4 इंच उंच आणि साडेचार इंच रुंद भोंक पाडून ठेवल्यासारखेंच झालें. तसलें भोंक दिसतें तर आपण त्याच दिवशीं गवंडी बोलाविला असता.

ऊन हवा हलकी असते. ती वर चढते आणि कौलांच्या सांध्यांतून निसटते. तिची जागा भरून काढण्यास दाराखालून थंड हवा आंत ओढली जाते. म्हणूनच वारा पडलेल्या रात्रींहि पायांना झुळूक झोंबते. हजार वॅटचा विजेचा हीटर रोज 4 तास चालविला तर महिन्यास 120 युनिट वीज खर्ची पडते, आणि तिच्यांतली बरीचशी ऊब आपण चांदण्यांना वाटून टाकतों.

फटी शोधण्यास उदबत्तीसारखें दुसरें साधन नाहीं. वारा असेल त्या दिवशीं दारेंखिडक्या लावून, पंखा बंद करून, पेटलेली उदबत्ती चौकटीच्या कडेकडेनें सावकाश फिरवावी. धूर वांकेल तेथें फट आहे असें समजावें. चौकट आणि भिंत यांमधील भेग सिमेंट-वाळूनें बुजवावी. कांचेभोंवतालची लांबी वाळून गळाली असेल तर नवी भरावी. झडपा जेथें मिटतात तेथें रबराची पट्टी चिकटवावी. उंबरठ्याशीं ठेवण्यास आमच्या घरीं जुन्या लुगड्याची लांबट पिशवी शिवून तींत वाळू भरली आहे. नातवंडें तिला अजगर म्हणतात. कौलांखालीं जाड कापडाचें छत ताणून बांधलें तरी पुष्कळ ऊब टिकते.

येथें माझी एक चूक सांगितली पाहिजे. 2021 सालच्या डिसेंबरांत मीं निजण्याची खोली अशी बंदिस्त केली कीं, उदबत्तीचा धूर रेघेसारखा सरळ वर जाऊं लागला. एका रात्रीं वीज गेली. मीं मोठ्या समाधानानें कोळशाची शेगडी आंत आणून ठेवली. पहांटे जाग आली तेव्हां डोकें ठणकत होतें, आणि हांका मारल्या तरी पत्नी नीट ओ देईना. दार उघडण्याची बुद्धि झाली, म्हणूनच आज आपल्याशीं बोलत आहें. डॉक्टरांनीं मागाहून कारण सांगितलें. धुमसणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहूनहि अधिक जोरानें चिकटतो. ज्या फटींना मीं वैरी मानलें, त्यांनींच इतकीं वर्षें शेगडीजवळ निजणाऱ्या आम्हां सर्वांस जगविलें होतें !

तेव्हांपासून आढ्याजवळचा झरोका मीं कधीं बुजवीत नाहीं, आणि निजण्याच्या खोलींत विस्तव नेत नाहीं. झरोक्यानें थोडी ऊब जाते, ती जाऊं द्यावी. हाच वायु न्हाणीघरांतल्या गॅसच्या बंबांतूनहि निघूं शकतो. तो बंब बाहेर, मोकळ्या हवेंतच बसवावा.

उन्हाळ्यांत वातानुकूलित खोलीला याच पट्ट्या उपयोगी पडतात. पाण्याच्या कूलरची गोष्ट मात्र उलट आहे. त्याची ओली हवा बाहेर जाण्यास समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते. नाहीं तर खोलींत नुसता दमटपणा सांचतो. उन्हानें रबर कडक होऊन तडकतें, म्हणून दिवाळीची झाडलोट आटोपली कीं मी उदबत्ती घेऊन पुनः एकदां घरभर फिरतों. अजगरालाहि त्याच दिवशीं ऊन दाखवितों.